नोकिया एन८०० लोगोपर्यंत येऊन पुन्हा पुन्हा सुरू होतोय? आधी बॅटरी बघा

कपाटात पाच-सात वर्षं पडून राहिलेला एन८०० बाहेर निघतो, चार्जर लागतो, बटण दाबलं जातं. लोगो उमटतो, खालची पट्टी भरायला लागते, पडदा काळा होतो आणि पुन्हा लोगो. असं दहा वेळा झालं की माणूस यंत्र भंगारात द्यायचं ठरवतो. कृपा करून देऊ नका. माझ्या स्वतःच्या एन८००वर हा दोष मी तीनदा निस्तरला आहे आणि मित्रांच्या, नातेवाइकांच्या यंत्रांवर त्याहून जास्त वेळा. त्यातली बरीचशी यंत्रं एकही फाइल न बदलता, नुसतं बॅटरीकडे नीट लक्ष दिल्यावर सुरू झाली.

ज्यांना ही यंत्रं नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. हे नोकियाचे छोटे इंटरनेट टॅबलेट. २००५च्या नोव्हेंबरमध्ये ७७० बाजारात आला, २००७च्या जानेवारीत एन८०० आणि त्याच वर्षाच्या अखेरीस सरकत्या कीबोर्डचा एन८१०. आयपॅड २०१०चा, म्हणजे ही मंडळी त्याच्याही आधीची. तिघांवर माएमो चालतं. माएमो म्हणजे डेबियनवर उभारलेलं लिनक्स, त्यामुळे टर्मिनल, म्हणजे आज्ञा टाइप करायची खिडकी, उघडून प्रोग्रॅम बसवणारी-काढणारी ॲप्ट-गेट ही आज्ञा थेट चालवता येते. एन८००चा पडदा ४.१ इंची, ८०० बाय ४८० पिक्सेलचा. रॅम १२८ एमबी आणि आतली फ्लॅश मेमरी २५६ एमबी. हा शेवटचा आकडा लक्षात ठेवा, पुढे तोच त्रास देणार आहे. खालची सगळी कृती एन८००साठी आहे. बाकी दोघांमध्ये जिथे फरक पडतो तिथे तसं सांगितलं आहे.

लक्षणं

यंत्र नेमकं कुठे कोसळतं ते आधी तीन-चार वेळा शांतपणे बघा. मी तर घड्याळ लावून बघतो, कारण अर्धं निदान तिथेच होतं.

लोगो जेमतेम दोन-तीन सेकंद दिसून विझत असेल, किंवा दर वेळी वेगळ्याच ठिकाणी विझत असेल, तर संशय बॅटरीवर किंवा तिच्या संपर्कपट्ट्यांवर.

पट्टी दर वेळी बरोबर त्याच ठिकाणी येऊन अडकत असेल तर संशय आतल्या फाइल सिस्टिमवर.

डेस्कटॉप दिसतो, एखादा मिनिट चालतो आणि मग यंत्र स्वतःहून रीस्टार्ट होतं, असं असेल तर मेमरी कार्ड किंवा भरून गेलेली फ्लॅश. वाय-फाय चालू केल्यावरच कोसळत असेल तर पुन्हा बॅटरी, कारण वाय-फाय एकदम जास्त करंट ओढतं आणि थकलेल्या बॅटरीचा व्होल्टेज तेवढ्यात खाली बसतो.

लोगो न येता पडदा नुसता पांढरा उजळत असेल तर हा लेख तुमच्यासाठी नाही. थेट शेवटच्या भागाकडे जा.

चार्जर: फुकटची तपासणी

एन८००ला मिनी यूएसबीचं भोक आहे, पण त्यातून तो चार्ज होत नाही. ती वाट फक्त फाइली नेण्या-आणण्याची. रात्रभर यूएसबी केबल लावून ठेवून "चार्जच होत नाही" म्हणणारे मला बरेच भेटले. चार्जिंग होतं ते दोन मिलिमीटरच्या बारीक पिनेतून. आपल्याकडे घरोघरी पडलेला बारीक पिनचा जुना नोकिया चार्जर चालतो. जाड पिनवाला असेल तर त्याला मधला जोड लागतो.

पण चार्जरच्या पाठीवर छापलेलं वाचा. यंत्रासोबतचा चार्जर ५ व्होल्ट, ८९० मिलिअँपिअरचा होता. साध्या फोनसोबत यायचे त्यातले काही ३५० मिलिअँपिअरचे होते. बंद, धडधाकट यंत्राला तेवढे पुरतात, पण वेळ लागतो. पुन्हा पुन्हा सुरू होणारं यंत्र मात्र आत येणाऱ्यापेक्षा जास्त खर्च करतं, आणि चार्जर लावलेला असूनही बॅटरी उतरत जाते. दमदार चार्जर मिळाला तर तोच वापरा.

संपर्कपट्ट्या आणि कार्डं: पाच मिनिटं

मागचं झाकण उघडून बॅटरी काढा. यंत्रातल्या आणि बॅटरीवरच्या पट्ट्या उजेडात बघा. कोकणात, मुंबईत, गोव्यात राहिलेल्या यंत्रांवर हमखास हिरवट किंवा काळपट थर सापडतो. बॅटरीच्या पट्ट्यांवर स्वच्छ खोडरबर फिरवा. यंत्रातल्या स्प्रिंगच्या पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेल्या कापसाच्या काडीने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. खरवडू नका, वरचा मुलामा निघाला की गंज आणखी लवकर चढतो. धन आणि ऋण सोडून जी आणखी एक पट्टी दिसते तीही तितकीच महत्त्वाची आहे. तिच्यावरूनच यंत्र बॅटरी ओळखतं.

आता कार्डं. एन८००ला पूर्ण आकाराच्या एसडी कार्डाच्या दोन जागा आहेत: एक बाहेरून उघडणारी, एक मागच्या झाकणाखाली. दोन्ही कार्डं काढून यंत्र सुरू करून बघा. कारण असं की माएमोच्या सेटिंगमध्ये कार्डावर आभासी मेमरी ठेवायची सोय आहे, आणि रॅम कमी म्हणून पुष्कळांनी ती चालू केलेली असते. कार्ड जुनं होऊन वाचताना अडखळायला लागलं की त्यावर टेकलेली अख्खी सिस्टिम कोसळते. कार्डावरून सिस्टिम सुरू करायचा मेनू कुणी बसवलेला असेल तर कार्ड काढल्यावर आतल्या फ्लॅशवरून सुरू करायचा पर्याय निवडा. कार्डांविना यंत्र टिकलं तर दोष सापडला. कार्ड संगणकात घालून त्यावरचं सामान उतरवून घ्या आणि नवं कार्ड आणा.

बॅटरी: इथे घाई नको

एन८०० आणि ७७० या दोघांना बीपी-५एल लागते, एन८१०ला बीपी-४एल. दोन्ही १५०० मिलिअँपिअर-तासांच्या.

सर्वांत आधी बॅटरी सपाट टेबलावर ठेवून बोटाने फिरवा. भोवऱ्यासारखी फिरली तर ती मधून फुगली आहे. तिचा प्रश्न तिथेच संपला. ती चार्ज करायची नाही, दाबायची नाही, टोचायची तर मुळीच नाही.

सपाट असेल तर मल्टिमीटर घ्या. साधा मीटर दोन-तीनशे रुपयांत येतो आणि घरात असावाच. पूर्ण भरलेली बॅटरी ४.२ व्होल्टच्या आसपास दाखवते, अर्धी भरलेली साधारण ३.८. ३ व्होल्टच्याही खाली गेलेली असेल तर ती जागवण्याचे प्रयोग करू नका. लिथियम बॅटरी इतकी खोल उतरली की आतून बिघडते आणि नंतर चार्ज करताना तापू शकते.

पण नुसत्या आकड्यावर विश्वास टाकू नका, मीही एकदा तसाच फसलो. मीटर ३.९ दाखवत होता म्हणून मी बॅटरीला निर्दोष ठरवून सिस्टिममध्ये दोन रात्री घालवल्या. म्हाताऱ्या बॅटरीचा अंतर्गत रोध वाढलेला असतो. रिकामी बसलेली असताना ती ३.९ दाखवते, यंत्राने करंट मागितला की क्षणात खाली कोसळते आणि यंत्र बंद पडतं. खात्री करायची एकच पद्धत: चांगली चालणारी दुसरी बॅटरी घालून बघणं. बीपी-५एल ही नोकियाच्या ई६१ फोनमध्येही होती आणि बीपी-४एल ई७१मध्ये, तेव्हा ओळखीत कुणाकडे तो फोन असेल तर तासाभरासाठी मागून आणा. नवी घ्यायची तर जुन्या मोबाइलचे सुटे भाग मिळतात अशा ठिकाणी, पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर, विचारून बघा. अतिशय हलकी लागणारी आणि वर भलतीच मोठी क्षमता छापलेली बॅटरी घेऊ नका. याच आकाराच्या बॅटरीत खरी क्षमता दुप्पट होऊ शकत नाही.

आता मला या लेखात सर्वांत कळकळीने सांगायचं आहे ते. या यंत्राचं चार्जिंगही सॉफ्टवेअरच सांभाळतं. बंद एन८००ला चार्जर लावला की यंत्र बंदच वाटतं, पण आत लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, जागा होतो आणि यंत्र एका अर्धजागृत अवस्थेत जातं. माएमोमध्ये तिला ॲक्टिंग डेड म्हणतात. बॅटरीत किती करंट सोडायचा हे तेव्हा बीएमई नावाचा प्रोग्रॅम ठरवतो. सुरू होतानाच कोसळणाऱ्या यंत्रात हा प्रोग्रॅमही दर वेळी अर्ध्यावर तुटतो. म्हणजे यंत्र कोसळतं म्हणून बॅटरी भरत नाही, आणि बॅटरी भरत नाही म्हणून यंत्र कोसळतं. या चक्रात सापडलेलं यंत्र आठवडाभर चार्जरला लावून ठेवलं तरी बाहेर येत नाही.

चक्र बाहेरून तोडावं लागतं. बॅटरी काढून दुसऱ्या ठिकाणी चार्ज करा. तीच बॅटरी लागणारा फोन मिळाला तर सर्वांत उत्तम. नाहीतर चिमट्यात बॅटरी अडकवायची, दोन तारा सरकवून धन-ऋणावर टेकवायच्या असा युनिव्हर्सल चार्जर मिळतो, तो वापरा. मात्र तो लावून झोपू नका आणि बाहेरही जाऊ नका. असे चार्जर वेळेवर थांबतीलच याचा भरवसा नसतो. दर अर्ध्या तासाने हात लावून बघा. कोमट ठीक आहे, गरम झाली तर काढा. मीटरवर ४.१च्या पुढे गेली की पुरे.

अशी भरलेली बॅटरी घालून, कार्डं बाहेर ठेवून, यंत्र सुरू करा. सुरू होऊन टिकलं तर पुढचं काही करू नका. दोन दिवस वापरून बघा आणि त्याच चार्जरने पुन्हा चार्ज होते ना ते तपासा.

फ्लॅश भरली आहे का

भरलेल्या, धडधाकट बॅटरीवरही यंत्र दर वेळी त्याच ठिकाणी कोसळत असेल तर आता २५६ एमबीचा आकडा आठवा. त्यातली पुष्कळशी जागा मूळ सिस्टिमच खाते. उरलेल्या जागेत आपण प्रोग्रॅम, पत्रं, ब्राउझरचा साठा भरत जातो. आतली फाइल सिस्टिम जेएफएफएस२ आहे. ती जुन्या जागी खाडाखोड न करता प्रत्येक बदल नव्या जागी लिहिते आणि जुनी जागा मागाहून मोकळी करते. म्हणून तिथे एखादी फाइल पुसायलाही थोडी मोकळी जागा लागते. गळ्यापर्यंत भरली की सुरू होताना लागणाऱ्या बारीकसारीक फाइली लिहिता येत नाहीत, महत्त्वाचा एखादा प्रोग्रॅम मरतो, आणि त्यांच्यावर पहारा करणारा डीएसएमई अख्खं यंत्र रीस्टार्ट करतो. पहारेकरी आपलं काम चोख करतो, पण आपल्याला आत शिरून जागा मोकळी करायला वेळच मिळत नाही.

त्या पहारेकऱ्याला तात्पुरतं थांबवता येतं. संगणकावर फ्लॅशर ३.५ हा यूएसबीवरून टॅबलेटला आज्ञा देणारा प्रोग्रॅम लागतो. तो ३२ बिटांचा आहे. आजच्या ६४ बिटांच्या लिनक्सवर ३२ बिटांची लायब्ररी बसवल्याशिवाय चालत नाही. ते जमत नसेल तर शून्य-एक्स-चार-एफ (0xFFFF) या नावाने ओळखलं जाणारं मुक्त स्रोत साधन डेबियनमध्ये तयार मिळतं. दोन्ही रूटच्या, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या वापरकर्त्याच्या, अधिकाराने चालवा आणि केबल हबमधून न नेता थेट संगणकाला लावा.

क्रम असा. टॅबलेट बंद. संगणकावर आज्ञा देऊन ठेवा. ती यूएसबीवर यंत्राची वाट बघत थांबेल. केबल लावा. टॅबलेटवरचं होमचं बटण दाबून धरून पॉवरचं बटण दाबा. पडद्याच्या कोपऱ्यात यूएसबीची खूण दिसली की सोडा. या पद्धतीने आर अँड डी मोड, म्हणजे प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांसाठीची खास अवस्था, चालू करायचा आणि 'नो-लाइफगार्ड-रीसेट' हा झेंडा (त्यातलं एक सेटिंग) लावायचा. आता एखादा प्रोग्रॅम मेला तरी यंत्र रीस्टार्ट होणार नाही.

डेस्कटॉप लंगडत का होईना आला की टर्मिनल उघडा. डीएफ ही आज्ञा देऊन मुळाशी किती जागा शिल्लक आहे ते बघा. दहा एमबीहून कमी असेल तर मी ती भरलेलीच समजतो. आर अँड डी मोड चालू असल्यामुळे 'सुडो गेनरूट' म्हटल्यावर रूट होता येतं. मग 'ॲप्ट-गेट क्लीन' चालवा. उतरवून झालेली पॅकेजं जातात आणि पुष्कळदा तेवढ्यानेच भागतं. त्यानंतर ब्राउझरचा साठा, न लागणारे प्रोग्रॅम. एकदम मोठं काही पुसायला जाऊ नका, लहान फाइलींपासून सुरुवात करा. जागा झाली की आपल्या फाइली आणि बॅकअप कार्डावर घ्या. मग यंत्र रीस्टार्ट करून बघा.

नीट चाललं तर आर अँड डी मोड पुन्हा बंद करा. अडकलेल्या यंत्राला बाहेर काढणारा हा पहारा कायमचा उठवून ठेवणं बरं नाही.

नवी सिस्टिम चढवणं

डेस्कटॉप येतच नसेल तर हा शेवटचा उपाय. यात आतल्या फ्लॅशवरचं सगळं जातं, कार्डांवरचं राहतं. कार्डं तरीही बाहेरच ठेवा.

बॅटरी ३.९ व्होल्टच्या वर असल्याशिवाय सुरुवात करू नका. अर्धवट चढलेली सिस्टिम आणि रिकामी बॅटरी एकत्र आली की मघाचं चक्र पुन्हा सुरू होतं, या वेळी जास्त वाईट.

इमेज फाइल, म्हणजे अख्खी सिस्टिम जिच्यात भरलेली असते ती फाइल, योग्य हवी. एन८००ची नावात आरएक्स-३४ घेऊन येते, एन८१०ची आरएक्स-४४, ७७०ची एसयू-१८. एन८००साठी माएमोच्या डायब्लो मालिकेतली ५.२००८.४३-७ ही आवृत्ती घ्या. नोकियाचे मूळ सर्व्हर बंद झाले आहेत, माएमोच्या समुदायाने जपलेल्या प्रती मिळतात. उतरवलेल्या फाइलचा एमडी५, म्हणजे फाइल जशीच्या तशी उतरली का हे पडताळायचा आकडा, छापील आकड्याशी ताडून बघा. अपुरी उतरलेली फाइल चढवून आणखी गोंधळ झाल्याचं मी पाहिलं आहे.

मघाच्याच क्रमाने, आज्ञा अशी: फ्लॅशर ३.५, मग डॅश मोठा एफ, इमेजचं नाव, डॅश छोटा एफ, डॅश मोठा आर. लहान-मोठ्या एफची गल्लत करू नका. मोठा फाइल सांगतो, लहान ती चढवतो, आणि मोठा आर काम संपल्यावर यंत्र रीस्टार्ट करतो. काही मिनिटं लागतात. तेवढा वेळ केबलला धक्का लागू देऊ नका.

लिहिणं मध्येच थांबलं तर केबल आणि संगणकाचं भोक बदलून पुन्हा करा. बूटलोडर, म्हणजे यंत्र सुरू करणारा पहिला छोटा प्रोग्रॅम, शाबूत असेल तर पुन्हा प्रयत्न करता येतो. तिसऱ्यांदाही बरोबर त्याच ठिकाणी थांबलं तर आणखी प्रयत्न नकोत.

इथे थांबा

तिसऱ्या प्रयत्नालाही त्याच ठिकाणी अडकणारं लिखाण म्हणजे बहुधा फ्लॅशची चिप झिजली आहे. पांढरा पडदा म्हणजे दोष पडद्यात किंवा त्याच्या जोडणीत आहे. सिस्टिम बदलून तो जात नाही. यूएसबीचं किंवा चार्जिंगचं भोक हलत असेल, यंत्र पाण्यात भिजलं असेल, चार्जिंगच्या वेळी बॅटरीऐवजी यंत्राचीच एक कड तापत असेल, तर स्क्रू उघडण्याआधीच थांबा. ही कामं बोर्डावरचं काम करणाऱ्या, हॉट एअर आणि मायक्रोस्कोप असलेल्या कारागिराची आहेत. नुसते पडदे आणि बॅटऱ्या बदलणाऱ्या दुकानाची नव्हेत. त्यांना दोन गोष्टी आधी सांगा. दुरुस्तीसाठी लागेल एवढीच उष्णता द्यावी, कारण सुटे भाग आता मिळत नाहीत. आणि फ्लॅशची चिप बदलू नये, पूर्ण कोरीही करू नये. तिच्यातल्या एका छोट्या भागात त्या एकाच यंत्राचा वाय-फाय पत्ता आणि जुळणीचे आकडे असतात. ते कुठल्याही इमेजमध्ये नसतात, एकदा गेले की परत आणता येत नाहीत.

फुगलेली बॅटरी घंटागाडीत टाकू नका. धन-ऋणाच्या पट्ट्यांवर चिकटपट्टी लावून ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या.

सुरू झालेला एन८०० पुन्हा कपाटात ठेवायचा असेल तर बॅटरी ३.८ व्होल्टच्या आसपास आणून बाहेर काढा आणि कोरड्या डबीत वेगळी ठेवा. दर चार-पाच महिन्यांनी मीटर लावा, ३.६च्या खाली गेली असेल तर थोडी भरा. माझी बीपी-५एल अशीच ठेवलेली असते, झाकणाच्या आत तारीख लिहिलेल्या कागदासोबत.